पिल्लू घेतलंय, डुकरावर कधी सोडू?

ओळखीत कुणी कुत्र्याचं पिल्लू आणलं की तिसऱ्या दिवशी मला फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न, डुकरावर कधी सोडू. पिल्लू चार महिन्यांचं, कान अजून तोंडापेक्षा मोठे, स्वतःच्या सावलीवर भुंकतंय, आणि मालकाला येत्या शनिवारी जंगलात जायचंय. मी टेक्सासमध्ये राहतो, नोकरी कॉम्प्युटरची आणि वीकेंड कुत्री घेऊन रानडुकरांच्या शिकारीत, चिखलात, असं सात वर्षं चाललंय, आणि जे येतं त्यातलं निम्मं तरी कुत्र्यांनी चुका भोगून मला शिकवलेलं आहे. तर उत्तर आधीच देतो: दहा महिन्यांच्या आत जंगलात नाही, आणि दहा महिने झाले तरी मोठ्या नरावर नाही. का ते खाली लिहितोय, लांबलंय थोडं, चहा घेऊन बसा.

आधी कायद्याचं, कारण नवीन माणूस इथेच गोत्यात येतो. अमेरिकेतली ही डुकरं मूळची इथली नव्हेत, स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटून रानटी झाली आणि पुढे शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानडुकरं सोडली गेली, त्या सगळ्यांची सरमिसळ. शेतं उकरतात, तळी गढूळ करतात, एका रात्रीत मक्याच्या पेरलेल्या ओळीच्या ओळी खाऊन टाकतात. म्हणून टेक्सासमध्ये त्यांना सीझन नाही, किती मारायची याला लिमिट नाही, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर हंटिंग लायसन्सही लागत नाही. सरकारी जमिनीवर मात्र लायसन्स लागतं आणि कुत्र्यांबाबत प्रत्येक जागेचे नियम वेगळे, ते वाचल्याशिवाय गाडीतून कुत्रं खाली उतरवू नका. राज्य बदललं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून बघा. आणि भारतात हे अजिबात नाही, तिकडे रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, गावाकडे जाऊन कुत्री सोडलीत तर थेट गुन्हा.

परवानगीबद्दल अजून एक. डुकराला कुंपण कळत नाही आणि कुत्र्यालाही कळत नाही, पण तुम्हाला कळतं असं कोर्ट धरून चालतं. टेक्सासमध्ये झाडावर किंवा खांबावर जांभळा पट्टा रंगवलेला दिसला की तो 'आत येऊ नका' असाच वाचायचा, वेगळी पाटी लागत नाही. त्यामुळे ज्याच्या रानात जाताय त्याचीच नाही तर चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची ओळख आधी काढा, फोन नंबर घ्या, नंतर मांस नेऊन द्या. रात्री दोन वाजता तुमचं कुत्रं त्यांच्या हद्दीत डुक्कर अडवून भुंकत असताना पहिली ओळख करून घ्यायची वेळ येऊ नये.

आता कुत्र्यांचं. या कामात दोन तऱ्हेची कुत्री असतात आणि हे न कळल्यामुळे लोक भलतंच पिल्लू घेऊन बसतात. एक बे डॉग, म्हणजे जो वास काढतो, माग धरतो, डुक्कर गाठतो आणि त्याच्या तोंडासमोर उभा राहून भुंकून भुंकून त्याला जागेवर खिळवतो, पण अंगाला अंग लावत नाही. दुसरा कॅच डॉग, जो शेवटपर्यंत दोरीवर असतो आणि अगदी जवळ गेल्यावर सोडला की कान धरून लटकतो. बे करायला ब्लॅक माउथ कर, कॅटाहूला, लेसी, प्लॉट हाउंड या नेहमीच्या जाती. कॅटाहूला लुइझियानाचा राज्य-कुत्रा आहे आणि ब्लू लेसी टेक्सासचा, यावरून ही कुत्री इकडच्या गुराख्यांच्या आयुष्यात किती मुरलेली आहेत ते समजा. कॅच करायला अमेरिकन बुलडॉग, पिटबुल, डोगो अर्जेंटिनो. नवशिक्याने कॅच डॉगपासून सुरुवात करू नये हे माझं स्पष्ट मत. ते कुत्रं ताकदीचं असतं, माघार घेत नाही, आणि तुम्ही पोचायला दोन मिनिटं उशीर केलात तर त्याची किंमत ते अंगावर मोजतं. बे डॉग घ्या, पहिली दोन वर्षं जुन्या माणसाबरोबर जा, कॅच डॉग त्याचा वापरा.

पिल्लू निवडताना रंग बघू नका. कॅटाहूलात तर रंगाच्या मागे लागून ठिपकेदार मर्ल आईबापांची जोडी लावतात आणि त्यातून बहिरी, कधी आंधळीही पिल्लं निघतात, डोळे काचेसारखे सुंदर पण हाक ऐकू येत नाही, असं कुत्रं जंगलात काय कामाचं. आईबाप दोघांना प्रत्यक्ष काम करताना बघा, व्हिडिओ नाही, प्रत्यक्ष. एक रात्र त्यांच्या मालकाबरोबर फिरा. आई डुक्कर सापडल्यावर किती वेळ टिकते, हाक मारल्यावर येते का, अंगावर व्रण किती आहेत. व्रण खूप असले तर लोक खूश होतात, काय धाडसी कुत्रा म्हणून, मला उलट वाटतं, चारपाच वर्षं काम करूनही ज्याची कातडी शाबूत आहे त्याला अक्कल आहे.

पहिले चारपाच महिने डुकराचं नावही काढायचं नाही असं मी म्हणतो तेव्हा लोकांचा चेहरा पडतो. पण काम भरपूर असतं. नाव कळणं, हाक मारली की येणं, आणि येणं म्हणजे समोर मांसाचा तुकडा पडलेला असतानाही येणं. गाडीतल्या बॉक्समध्ये शांत बसणं. दोरीवर न ओढता चालणं. गळ्यात जीपीएस कॉलर आणि अंगात वेस्ट, म्हणजे सुळ्यांपासून वाचवणारं जाड जाकीट, घालून फिरणं, कारण पहिल्यांदा वेस्ट चढवल्यावर बरीच पिल्लं दगडासारखी गोठून उभी राहतात, आमचं एक तर आडवंच झालं आणि उठेना, ते अंगणात होऊ द्या, जंगलात नको. पाण्यात उतरणं, पोहणं. गायी, घोडे, कोंबड्या यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करणं. ज्या रानात तुम्ही जाणार ते बहुतेक गुरं पाळणाऱ्यांचं असतं, कुत्र्याने एक वासरू पळवलं की ती जागा तुम्हाला कायमची बंद, आणि त्या भागातल्या बाकीच्याही, कारण बातमी तुमच्या आधी पोचते. बंदुकीचा आवाज लांबून, जेवण चालू असताना, हळूहळू जवळ आणत. लसी वेळेवर, रेबीजची तर इथे कायद्यानेच लागते, आणि लेप्टोची मुद्दाम मागून घ्या कारण ती सगळे व्हेट आपणहून देत नाहीत आणि तो रोग डुकरांच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून येतो. डासांमुळे हृदयात होणाऱ्या जंतांची, म्हणजे हार्टवर्मची, गोळी दर महिन्याला.

मग हरणाचा प्रश्न. तरुण कुत्र्याला हरिण डुकरापेक्षा कितीतरी जास्त आवडतं, पळतं ना ते, आणि पळणारी वस्तू म्हणजे मजा. टेक्सासमध्ये कुत्र्यांनी हरणाची शिकार करायला बंदी आहे, म्हणजे कुत्रं हरणामागे लागलं तर नुसती रात्र वाया जात नाही, तुम्ही अडचणीत येता. हरीण, रॅकून, आर्माडिलो या सगळ्यांना इकडे 'ट्रॅश' म्हणतात आणि कुत्र्याला त्यातून सोडवणं हे जवळपास अर्धं शिक्षण. मी संध्याकाळी लांब दोरी लावून हरणांच्या वाटेवर फिरवतो, नाक खाली गेलं आणि शेपटी ताठ झाली की एकदाच कडक 'नाही' आणि दिशा बदलायची. शंभर वेळा करावं लागतं, कंटाळा येतो. ई-कॉलर, म्हणजे बटण दाबलं की झटका देणारा पट्टा, वापरणारे वापरतात, मीही वापरतो, पण कुत्र्याला हाक आणि 'नाही' नीट समजल्यानंतर, सगळ्यात कमी नंबरवर, आणि समोर नेमकं काय आहे ते डोळ्यांनी दिसत असेल तरच. अंधारात जीपीएसच्या स्क्रीनवर कुत्र्याचा ठिपका पळताना बघून 'हरीण असणार' म्हणून बटण दाबलं आणि तिकडे ते बिचारं डुकराजवळ होतं, तर त्याच्या डोक्यात काय बसेल? डुक्कर चावतंय, लांबूनच. असं कुत्रं परत आणायला वर्ष जातं.

साधारण चारपाच महिन्यांत डुक्कर दाखवायला हरकत नाही, दाखवायला म्हणतोय. जाळीच्या पलीकडे डुक्कर, अलीकडे पिल्लू. त्यानंतर पेन, म्हणजे चांगलं प्रशस्त कुंपण घातलेली जागा, त्यात पंधरावीस किलोचं छोटं डुक्कर ज्याचे सुळे अजून आलेले नाहीत. जिवंत रानडुक्कर पकडून हवं तिथे नेणं टेक्सासमध्ये चालत नाही, त्याचे अॅनिमल हेल्थ कमिशनचे नियम आहेत, म्हणून स्वतः काही जुगाड करू नका, ज्याच्याकडे कायदेशीर पेन आहे त्याच्याकडे जा. आणि कुत्र्यांना बांधलेल्या किंवा कोंडलेल्या डुकरावर सोडून फाडायला लावण्याचे जे तमाशे चालतात ते वेगळे, बऱ्याच राज्यांत त्यावर बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे, त्यातून शिकारी कुत्रा घडतही नाही.

पेनमध्ये काय बघायचं ते सांगतो. आमची ब्लॅक माउथ कुत्री, त्या वेळी साडेपाच महिन्यांची, पहिल्यांदा आत गेली तेव्हा दारापाशीच थांबली. मानेवरचे केस उभे, पुढचा एक पाय उचललेला, शेपटी खाली पण पायांत घातलेली नाही. डुक्कर कोपऱ्यात, तेही हिच्याकडेच बघतंय. मिनिटभर काहीच नाही. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात पेनवाल्या म्हाताऱ्याने हाताने गप्प केलं. मग डुकराने एक पाऊल पुढे टाकलं, फुस्स केलं, ही दोन उड्या मागे आली, आणि तिथून पहिल्यांदा भुंकली, फाटलेल्या आवाजात, स्वतःच दचकली त्या आवाजाला. डुक्कर थबकलं. ते थबकलेलं तिने पाहिलं आणि तिथेच तिच्या डोक्यात काहीतरी जुळलं, अरे, मी ओरडले की हे थांबतं. त्यानंतर पाचसहा भुंकणी सलग, आणि म्हाताऱ्याने लगेच दार उघडून तिला उचलून बाहेर घेतलं. मी म्हटलं आत्ता कुठे रंगात आली होती. तो म्हणाला, म्हणूनच.

ते मला तेव्हा नाही समजलं, आता समजतं. तीन ते पाच मिनिटं, कुत्रं जिंकत असताना बाहेर. दमेपर्यंत ठेवलं की एक तर कंटाळतं नाहीतर चिडून अंगावर जातं, आणि अंगावर जायची सवय लागलेलं बे डॉग पुढे मोठ्या डुकराकडून मार खातं. आठवड्यातून एकदा पुरे, त्यापेक्षा जास्त नको, पेनमध्ये मुरलेलं कुत्रं जंगलात गेल्यावर डुक्कर शोधतच नाही, त्याला वाटतं डुक्कर कोपऱ्यात मिळतं.

आता माझी चूक. दुसरं पिल्लू होतं, कॅटाहूला, नऊ महिन्यांचं, पेनमध्ये एकदम वाघ. मी फुशारलो आणि जुन्या कुत्र्यांबरोबर नेलं. त्या रात्री सापडला तो नर, मोठा, नंतर वजन केलं तर शंभर किलोच्या पुढे. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, कडक ढालच असते, आणि खालचे सुळे वरच्यांवर घासून घासून वस्तऱ्यासारखे झालेले असतात. जुनी कुत्री अंतर राखून होती, हा पठ्ठ्या पेनमध्ये करायचा तसा थेट तोंडाशी गेला. नराने मुसंडी मारली, मान एकदाच वर झटकली, कुत्रं चार फूट उडालं. वेस्ट होतं म्हणून छाती वाचली, मांडी आतून उघडी पडली. टाके पडले, दोन महिन्यांत चालायला लागलं, धावायलाही लागलं. पण डुकराचा वास आला की गाडीखाली जाऊन बसायचं. बुजलं ते कायमचं. आता एका मित्राच्या घरी सोफ्यावर असतं, सुखी आहे, चूक पूर्णपणे माझी. इकडे शिकारी म्हणतात तेच सांगतो, डुकरीण चावते आणि नर फाडतो, तर पहिल्या पाचदहा वेळा तरी कुत्र्याला छोटी डुकरं किंवा माद्या मिळतील अशा ठिकाणीच न्या. रानात लावून ठेवलेल्या ट्रेल कॅमेऱ्यात मोठा नर दिसला तर ती रात्र पिल्लाला घरी ठेवायचं, कितीही रडलं तरी.

जंगलात पहिल्यांदा नेताना एकच जुनं, शांत कुत्रं बरोबर. चारपाच कुत्र्यांच्या झुंडीत पिल्लू फक्त मागे पळायला शिकतं, नाक वापरत नाही, आणि भीड चेपते म्हणून अंगावर जातं. जुनं कुत्रं असं हवं की जे हरीण धरत नाही, डुक्कर सोडत नाही आणि भांडत नाही. असं कुत्रं उसनं मिळालं तर मालकाला जेवायला घाला. आधी दिवसा जाऊन खुणा बघा: नांगरल्यासारखी उकरलेली माती, ओली आहे का सुकलेली, चिखलात लोळल्याचे खड्डे, शेजारच्या झाडाच्या बुंध्यावर घासून लावलेला चिखल, तो किती उंचीवर आहे त्यावरून डुक्कर केवढं ते कळतं. खूर हरणापेक्षा गोल आणि बोथट असतो. चिखल अजून ओला असेल तर तिथून, वारा तोंडावर घेऊन, कुत्री सोडा. वारा पाठीवर असेल तर तुमचा वास आधी पोचतो आणि डुकरं निघून जातात, दिसायला बारीक डोळ्यांची असली तरी नाक फार तिखट असतं त्यांचं.

सोडल्यावर गप्प उभं राहायचं. हे सगळ्यात अवघड जातं नवीन माणसाला. जीपीएसवर ठिपके फिरताना बघा, सारखी हाक मारू नका. पिल्लू पहिल्यांदा तीस यार्ड जाऊन परत येईल, तुमच्या पायाशी घोटाळेल, येऊ द्या, रागावू नका आणि कुरवाळूही नका, तुम्ही चालत राहा. दोनतीन खेपांत लांब जायला लागतं. जुन्या कुत्र्याने डुक्कर अडवलं की भुंकण्याची लयच बदलते, एका जागेवरून, टप्प्याटप्प्याने, खणखणीत. पिल्लू तिकडे आपणहून गेलं तर उत्तम. नाही गेलं तर ओढत नेऊ नका, जवळ जाऊन लांबूनच ऐकवा, बघू द्या.

तुम्ही जवळ जाताना वाऱ्याच्या उलट बाजूने, पाय न वाजवता, आणि डुकराच्या पळायच्या वाटेत कधीही उभं राहायचं नाही, त्याला निघायला एक बाजू मोकळी दिसली पाहिजे. शेजारी चढता येईल असं झाड आहे का ते बघून ठेवा, हसू नका. पुढचं काम, म्हणजे कॅच डॉग सोडणं, मागचे पाय धरून डुक्कर आडवं करणं, आणि पुढच्या पायामागून सुरी थेट हृदयापर्यंत, हे पहिलं वर्षभर जुन्या माणसाला करू द्या. कुत्री चिकटलेली असताना बंदूक वापरत नाहीत, गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. सुरी वापरायची तर एकाच वारात, जनावराचे हाल करत बसायचं नाही. ज्याचा हात थरथरतो त्याने पाय धरावेत, त्यात कमीपणा नाही.

वेस्ट आणि गळा वाचवणारा रुंद पट्टा, म्हणजे कट कॉलर, याच्यावर पैसे वाचवू नका, पण उन्हाळ्यात वेस्टमध्ये कुत्रं भाजून निघतं हेही लक्षात ठेवा. कुत्र्याचं अंग एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या पुढे गेलं की काम बंद, १०६ म्हणजे जीव जायची वेळ. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, चाल झोकांडी खायला लागली, तर वेस्ट काढा, पाण्यात न्या, पोट आणि मांड्या भिजवा, वारा घाला. टेक्सासच्या उन्हाळ्यात आम्ही मध्यरात्रीनंतरच निघतो आणि सूर्य वर यायच्या आत परत. पाण्याजवळ साप बघा, खालच्या दलदलीच्या भागात मगरीही.

गाडीत जखमांची पेटी असायलाच हवी: भरपूर सलाइन, पातळ केलेलं क्लोरहेक्सिडिन, गॉज, चिकटपट्टी, स्किन स्टेपलर, थर्मामीटर. सुळ्याचं खोल भोक वरून बारीक दिसतं आणि आत खिसा झालेला असतो, ते स्टेपल करून बंद केलंत तर आत सडतं, धुवा आणि व्हेटकडे न्या. छातीच्या भोकातून हवा आत-बाहेर करत असेल तर त्यावर प्लास्टिक घट्ट लावून सरळ गाडी काढा. आतडं बाहेर आलं असेल तर ओल्या स्वच्छ कपड्यात, आत ढकलायचं नाही. आणि आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीच नाही, विषच आहे ते त्यांना. रात्री उघडा असणारा व्हेट किती मैलांवर आहे ते निघण्याआधी बघा, नंतर नाही.

रोगांचं थोडक्यात, पण हे वगळू नका. स्यूडोरेबीज नावाचा व्हायरस डुकरांत असतो, माणसाला सहसा होत नाही, कुत्र्याला झाला तर भयंकर खाज, लाळ, आणि दोनतीन दिवसांत खेळ खलास, इलाज नाही. म्हणून कच्चं मांस, काळीज, काहीही कुत्र्याला टाकायचं नाही, कितीही आशेने बघत असलं तरी. ब्रुसेलोसिस मात्र माणसालाही होतो, त्यामुळे सोलताना ग्लोव्हज, हाताला जखम असेल तर दोन जोड्या. मांस १६० फॅरनहाइटपर्यंत शिजवा. आणि चरबी निळी दिसली तर ते डुक्कर विषारी आमिष खाल्लेलं आहे, टेक्सासमध्ये वॉरफरिनचं आमिष वापरतात आणि त्यात मुद्दाम निळा रंग घातलेला असतो, तसलं मांस तुम्हीही खाऊ नका आणि कुत्र्यांना त्याच्या आसपास फिरकू देऊ नका.

शिकार झाली, न झाली, गाडीपाशी आलं की माझा एक ठरलेला कार्यक्रम असतो. हेडलॅम्प लावायचा, पिल्लाला टेलगेटवर, म्हणजे गाडीच्या मागच्या उघडलेल्या फळीवर, उभं करायचं आणि नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवायचा, उलट्या केसांनी, काख, मांड्यांची आतली बाजू, बोटांच्या फटी, कानांच्या मागे. केसांत रक्त दिसत नाही, हाताला चिकट लागतं. मग पाणी, थोडं थोडं. मग मोजायची, किती आणली होती आणि बॉक्समध्ये किती आहेत. एकदा मी तीन मोजून निघालो आणि चौथं आपलं निवांत ड्रायव्हरच्या सीटखाली झोपलं होतं, दीड तास जंगलात नावाने ओरडत फिरलो त्याच्या.